आण्याचे पैसे किती? : आज्ञावली-लेखनाचा एक धडा

संगणकास काम सांगावयाचे म्हणजे त्या कामाचे नियम पायरीपायरीने लिहून द्यावयाचे. अशा लिखित नियमांच्या मालिकेस आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. आज्ञावली लिहिण्याची एखादी भाषा काही आठवड्यांच्या अभ्यासाने वापरण्यापुरती अवगत होते. परंतु लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे हे कशावरून ठरवावयाचे, आणि ती वाढत गेली तरी तिच्यातील प्रत्येक नियम योग्य जागी कसा ठेवावयाचा, हे दोन प्रश्न तितके सोपे नाहीत. पहिल्या प्रश्नास 'टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट', म्हणजे आधी चाचणी व मग आज्ञावली, ही पद्धत उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नास 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग' ही रचनापद्धती उत्तर देते. या दोन्ही गोष्टी व्याख्या पाठ करून समजत नाहीत. एखादे लहानसे काम हाती घेऊन ते शेवटास नेले म्हणजे त्या समजू लागतात. असे एक काम भारताच्या नाण्यांच्या इतिहासात तयारच आहे.

कायद्याचा नियम

१ एप्रिल १९५७ पूर्वी भारतात एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. एका आण्यात ४ पैसे आणि एका पैशात ३ पै, असा हा हिशेब होता. दोन आण्यांच्या नाण्यास मराठीत चवली, चार आण्यांच्या नाण्यास पावली आणि आठ आण्यांच्या नाण्यास अधेली म्हणत. १९५५ मध्ये संसदेने नाणेविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० भाग झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून या भागास 'नवा पैसा' असे नाव देण्यात आले. १ जून १९६४ पासून त्यातील 'नवा' हा शब्द वगळण्यात आला.

मधल्या काळात जुनी व नवी नाणी बाजारात बरोबरच फिरत होती. पावलीचे २५ आणि अधेलीचे ५० नवे पैसे, हा हिशेब सरळ होता. पण एका आण्याचे नवे पैसे होतात सव्वासहा, दोन आण्यांचे साडेबारा, तीन आण्यांचे पावणेएकोणीस. पाव किंवा अर्ध्या नव्या पैशाचे नाणे तर अस्तित्वात नव्हते. म्हणून कायद्याने यासाठी नियम घालून दिला. त्याचे तीन भाग आहेत. पहिला : एका व्यवहारात जे एक नाणे किंवा जितकी नाणी दिली जातील त्यांचे मूल्य मिळून काढावे. दुसरा : ते मूल्य जवळात जवळच्या पूर्ण नव्या पैशाइतके धरावे. तिसरा : वरचा व खालचा नवा पैसा सारख्याच अंतरावर असतील तर खालचा धरावा.

नियम तीन वाक्यांचा आहे. तरी तो संगणकास सांगू गेल्यास प्रत्येक वाक्यापाशी एक चूक दबा धरून असते. त्या चुका एकेक करून कशा उघड्या पडतात हे पाहणे, हाच या धड्याचा गाभा होय.

आधी चाचणी, मग आज्ञावली

सामान्यतः मनुष्य आधी आज्ञावली लिहितो व मग ती चालवून पाहतो. तिने दिलेले उत्तर पटण्याजोगे दिसले की तो ती बरोबर आहे असे समजतो. या क्रमात एक दोष आहे. उत्तर समोर आल्यावर ते बरोबर वाटावयास लागते. म्हणून चाचणीची पद्धत हा क्रम उलटा करते. अमुक दिले असता अमुक उत्तर आलेच पाहिजे, असे विधान प्रथम लिहून ठेवावयाचे. ते संगणकास स्वतः तपासता येईल अशा रूपात असते. यासाच चाचणी म्हणतात. पायथॉन या भाषेबरोबर 'युनिटटेस्ट' नावाचे असे एक साधन मिळते, आणि शाळेतील साध्या संगणकावरही ते चालते.

प्रत्येक फेरीत तीन पायऱ्या असतात. प्रथम एक चाचणी लिहावी व ती चालवून ती नापास होते याची खात्री करून घ्यावी. कारण अद्याप आज्ञावली लिहिलेलीच नाही. पुष्कळ साधनांत नापास चाचणी तांबड्या रंगाने दाखवितात. नंतर ती उत्तीर्ण होण्यापुरतीच आज्ञावली लिहावी. रंग हिरवा होतो. शेवटी चाचण्या हिरव्या ठेवूनच लिहिलेल्या मजकुराची सफाई करावी, पुनरुक्ती काढावी, नावे सुधारावीत. या सफाईस 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. मग पुढची चाचणी घ्यावी.

आपल्या कामासाठी विद्यार्थ्याने आधी कागदावर पुढील कोष्टक मांडावे :

१६ आणे : १०० नवे पैसे
४ आणे : २५ नवे पैसे
१ आणा : ६ नवे पैसे
३ आणे : १९ नवे पैसे
२ आणे : १२ नवे पैसे
६ आणे : ३७ नवे पैसे

हे आकडे कायद्याच्या नियमावरून हाताने काढावयाचे आहेत. आज्ञावली चालवून मिळालेले उत्तरच चाचणीत उतरवून घेतले, तर ती चाचणी म्हणजे आरोपीने स्वतःसाठी दिलेली साक्ष ठरते.

अर्ध्या पैशाचा पेच

पहिली चाचणी १६ आण्यांची. ती हिरवी करण्यास आज्ञावलीने नेहमी १०० हे उत्तर दिले तरी पुरे. हे हास्यास्पद वाटेल. पण त्यावरून एवढे तरी कळते की चाचणीचे साधन नीट चालते आहे, आणि एका चाचणीने फार थोडे सिद्ध होते. दुसरी चाचणी ४ आण्यांची. आता १०० हे ठरीव उत्तर चालत नाही. आण्यांना २५ ने गुणून ४ ने भागावे लागते. तिसरी चाचणी एका आण्याची. उत्तर सव्वासहा येते, ६ यावयास हवे असते, रंग तांबडा होतो. पायथॉनमध्ये संख्या जवळच्या पूर्णांकापर्यंत नेण्याची 'राउंड' नावाची तयार सोय आहे. ती वापरली की ६ मिळतात. तीन आण्यांची चाचणी नवे काही न लिहिताच उत्तीर्ण होते. दोन आण्यांची चाचणीही तशीच उत्तीर्ण होते : साडेबाराचे १२.

येथे थांबण्याचा मोह होतो. अर्ध्याचा नियमही पाळला गेला असे दिसते. परंतु सहा आण्यांची चाचणी चालवताच तांबडा रंग उमटतो. साडेसदतीसचे ३७ यावयास हवे होते. संगणक ३८ सांगतो.

कारण असे की, पायथॉनची 'राउंड' ही सोय नेमक्या अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे नेते. साडेबारा १२ कडे जातात, साडेसदतीस ३८ कडे, साडेबासष्ट ६२ कडे आणि साडेसत्त्याऐंशी ८८ कडे. अनेक संख्यांच्या बेरजेत चूक एकाच दिशेने साचू नये, या हेतूने ही रीत वापरतात, आणि त्या कामासाठी ती योग्यही आहे. मात्र नाण्यांचा कायदा वेगळे सांगतो. एका रुपयाच्या १९२ पैंमध्ये नेमक्या अर्ध्याचा प्रसंग फक्त चार वेळा येतो : २, ६, १० आणि १४ आण्यांवर. त्यांपैकी दोन ठिकाणी ही तयार सोय कायद्याशी जुळते व दोन ठिकाणी जुळत नाही. केवळ दोन आण्यांची चाचणी घेऊन जो थांबला असता, त्यास आपली चूक कळली नसती. हिशेब मात्र सहा आण्यांवर चुकतच राहिला असता.

दुरुस्ती पूर्णांकांच्या गणितानेच करणे चांगले. १९२ पैंचे १०० नवे पैसे, म्हणजे ४८ पैंचे २५. तेव्हा रकमेतील पैंना २५ ने गुणावे, त्यात २३ मिळवावेत, ४८ ने भागावे आणि बाकी सोडून द्यावी. दोन आणे म्हणजे २४ पै, गुणाकार ६००, त्यात २३ मिळवून ६२३, ४८ ने भागिले असता भागाकार १२ व बाकी ४७. येथे २३ ऐवजी २४, म्हणजे ४८ चे बरोबर निम्मे, मिळविले असते तर ६२४ झाले असते आणि भागाकार पूर्ण १३ आला असता. अर्धा नवा पैसा खाली जावा की वर जावा, हा कायद्याचा निर्णय आज्ञावलीत या एका अंकाच्या फरकात सामावलेला आहे. असे सूत्र बदलताना मनुष्याचा हात कापतो. पण सहाही चाचण्या हाताशी असल्याने क्षणभरात कळते की जे पूर्वी बरोबर होते ते अजूनही बरोबर आहे.

सहा, पण सहा काय?

आतापर्यंत आज्ञावलीस केवळ आण्यांचा आकडा दिला जात होता. आता पैसे व पै यांचाही हिशेब हवा. लगेच अडचण येते. आज्ञावलीत कोठेतरी '६' एवढाच आकडा आहे. ते सहा आणे की सहा पै? आकड्यास स्वतः ते सांगता येत नाही. लिहिणाऱ्याने ते लक्षात ठेवावयाचे, आणि आज्ञावली मोठी झाली की कोणीतरी एकदा विसरणारच.

ऑब्जेक्टची कल्पना येथे उपयोगी पडते. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया यांना एकत्र बांधणारी आज्ञावलीतील वस्तू. अशा वस्तूंचा जो साचा असतो त्यास क्लास म्हणतात. टांकसाळीतील ठसा व त्यातून निघणारी नाणी यांचे जे नाते, तेच साधारणतः क्लास व ऑब्जेक्ट यांचे. आपल्या कामात 'जुनी रक्कम' असा एक क्लास करावा. ती तयार करताना '६ आणे' किंवा '६ पै' असे एककासह सांगावेच लागेल. तिच्या पोटात मात्र सर्व काही पैंमध्ये साठविलेले असेल, आणि ते पोट बाहेरच्या कोणास उघडून पाहण्याची गरज नसेल. तिला एवढेच विचारावयाचे : तू अमुक रकमेइतकी आहेस का? तुझ्यात ही रक्कम मिळविली तर काय होईल?

येथेही चाचण्या आधी लिहावयाच्या. एक आणा हा १२ पैंबरोबर असावा. एक आणा हा ४ जुन्या पैशांबरोबर असावा. दोन रकमांची बेरीज केल्यास तिसरी रक्कम मिळावी आणि मूळच्या दोन्ही जशाच्या तशा राहाव्यात. शेवटी एक महत्त्वाची चाचणी : जुन्या रकमेत नुसता ६ हा आकडा मिळवू पाहिल्यास आज्ञावलीने ते काम नाकारावे. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा काम थांबविणे बरे, असे ही चाचणी सांगते.

एककाचा विसर पडल्याने काय होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९९९ मध्ये घडले. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचले आणि त्याचा संपर्क कायमचा तुटला. यानाच्या लहान इंजिनांचा आवेग मोजणारी पृथ्वीवरील एक आज्ञावली पौंड-सेकंदांत आकडे देत होती, आणि मार्ग ठरविणारी दुसरी आज्ञावली ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. आकडे एका आज्ञावलीतून दुसरीत जात होते. त्यांचे एकक त्यांच्याबरोबर जात नव्हते. आणे आणि पै यांची गल्लत ही त्याच जातीची चूक होय. केवळ तिची किंमत कमी.

नियमाचे घर कोणते?

कायद्याचा पहिला भाग अजून राहिला आहे : मूल्य एका व्यवहारातील सर्व नाण्यांचे मिळून काढावयाचे. त्यासाठी 'नाणे' आणि 'व्यवहार' असे आणखी दोन क्लास लागतील. प्रत्येक नाण्याने आपले नवे पैसे स्वतःच सांगावेत आणि व्यवहाराने त्यांची बेरीज करावी, अशी रचना विद्यार्थ्यास प्रथम सुचते. ती सुटसुटीतही दिसते.

मग पुढील चाचणी लिहावी : एका व्यवहारात चार एकआणी नाणी दिली असता २५ नवे पैसे यावेत. वरील रचनेत प्रत्येक नाणे ६ सांगते आणि बेरीज २४ होते. चाचणी तांबडी. दुसरी चाचणी : एका व्यवहारात एकेक पैची बारा नाणी दिली असता ६ नवे पैसे यावेत. एका पैचे मूल्य अर्ध्या नव्या पैशाहून किंचित अधिक असल्याने प्रत्येक नाणे १ सांगते आणि बेरीज १२ होते, म्हणजे नेमकी दुप्पट. एका उदाहरणात देणाऱ्याचे नुकसान, दुसऱ्यात घेणाऱ्याचे. मुळात गणिताचे सूत्र दोन्ही ठिकाणी अचूक आहे. ते चुकीच्या वस्तूच्या हाती दिले, एवढाच दोष.

म्हणून रूपांतराचा नियम नाण्याकडून काढून व्यवहाराकडे द्यावयास हवा. नाण्याने आपल्यात किती पै आहेत एवढेच सांगावे. व्यवहाराने पैंची बेरीज करून शेवटी एकदाच रूपांतर करावे. दोन्ही चाचण्या हिरव्या होतात. कोणती जबाबदारी कोणत्या वस्तूची, हा या रचनापद्धतीतील सर्वांत कठीण प्रश्न होय. येथे त्याचे उत्तर कायद्यातील 'एका व्यवहारात' या शब्दांतच होते. चाचणीने ते नजरेस आणले.

आता एक पायरी पुढे जाता येते. ग्राहकाने एक पावली व दहा नव्या पैशांचे एक नाणे मिळून दिले, तर ३५ नवे पैसे झाले पाहिजेत. नव्या नाण्यास पै विचारणे व्यर्थ आहे. तेव्हा व्यवहाराने नाण्यास प्रश्न न विचारता 'आपली भर घाल' असा निरोप द्यावा. जुने नाणे पैंच्या खात्यात भर घालील, नवे नाणे नव्या पैशांच्या खात्यात. नाणे कोणत्या जातीचे आहे हे व्यवहारास पाहावेच लागत नाही. एकच निरोप प्रत्येक वस्तूने आपापल्या परीने पाळावा, या गुणास बहुरूपता म्हणतात. उद्या तिसऱ्या प्रकारचे नाणे आले तरी त्याचा निरोप तेच सांभाळील, व्यवहाराच्या क्लासला हात लावावा लागणार नाही.

या पद्धतींचा उगम

ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेत जन्मास आली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा रचली. खऱ्या जगातील घडामोडींची नक्कल संगणकावर करणे, हा तिचा मूळ हेतू होता. सिम्युला ६७ या आवृत्तीत क्लास व ऑब्जेक्ट स्पष्ट रूपात आले, आणि या कार्यासाठी दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडविली. वस्तूंनी एकमेकींस निरोप पाठवावेत, हा विचार तिच्या केंद्रस्थानी होता. शाळकरी मुलांनाही ती शिकविण्याचे प्रयोग झाले.

चाचणीची शिस्तही याच भाषेच्या परिसरात वाढली. स्मॉलटॉकमध्ये काम करणारे केंट बेक यांनी १९९० च्या दशकात त्या भाषेसाठी चाचणीचे एक छोटे साधन लिहिले. १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच जावा भाषेसाठी तशा साधनाची, म्हणजे जेयुनिटची, सुरुवात केली. पायथॉनचे 'युनिटटेस्ट' त्याच वंशातील आहे. २००२ मध्ये बेक यांचे या पद्धतीवरील पुस्तक निघाले. त्यातील पहिले विस्तृत उदाहरण डॉलर आणि फ्रँक यांच्या हिशेबाचे आहे. चलन हा विषय चाचणीस सोयीचा, कारण त्यात उत्तर बरोबर की चूक याविषयी वाद राहत नाही.

पद्धतीच्या मर्यादा

चाचण्या उत्तीर्ण झाल्या म्हणजे आज्ञावली निर्दोष ठरली, असे नव्हे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीसच बजाविले होते की चाचणीने दोष आहे हे दाखविता येते, तो नाही हे दाखविता येत नाही. आपल्या उदाहरणात १ पासून १९२ पर्यंतच्या प्रत्येक रकमेची चाचणी घेणे शक्य आहे, आणि ती अवश्य घ्यावी. बहुतेक खऱ्या कामांत इतके सर्व पर्याय तपासणे अशक्य असते; तेथे कोणती उदाहरणे निवडावयाची हे विचारानेच ठरवावे लागते. सीमारेषेवरची, अर्ध्यावरची, शून्याची आणि नकाराची उदाहरणे बहुधा अधिक बोलकी असतात.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ज्याने कायदाच चुकीचा वाचला, तो चाचणीही चुकीची लिहील, आणि सर्व चाचण्या हिरव्या दिसतील. यावर उपाय एकच : चाचण्या इतक्या स्वच्छ लिहाव्यात की संगणकाची भाषा न जाणणाऱ्या हिशेबनिसानेही त्या वाचून 'सहा आण्यांचे सदतीसच होतात' असे सांगावे किंवा चूक दाखवावी. सर्वच प्रोग्रॅमर ही शिस्त पाळतात असे नाही, आणि तिच्यामुळे आरंभी काम काहीसे हळू चालते हेही खरे. परंतु सहा महिन्यांनी कोणी दुसरा ती आज्ञावली बदलावयास घेतो, तेव्हा मूळ लेखकाचा हेतू त्यास चाचण्यांतच लिहिलेला सापडतो.

पुढील अभ्यास

वरील काम पुरे झाल्यावर विद्यार्थ्यांनी पुढील कामे करून पाहावीत. एक : नव्या पैशांवरून जुनी रक्कम काढणारी आज्ञावली लिहावी. एका आण्याचे ६ नवे पैसे होतात. त्या ६ नव्या पैशांचा पुन्हा पूर्ण आणा होतो का, हे आधी कागदावर ठरवावे व मगच चाचणी लिहावी. दोन : व्यवहारात एकही नाणे दिले नाही तर उत्तर काय यावे, आणि उणे रक्कम मागितल्यास काय व्हावे, याचा निर्णय घेऊन त्याची चाचणी लिहावी. तीन : मण, शेर व छटाक यांसाठी 'जुने वजन' असा क्लास रचावा, एका मणात ४० शेर व एका शेरात १६ छटाक. पैंच्या जागी येथे कोणते लहानात लहान एकक पोटात ठेवावे आणि पूर्वीच्या क्लासमधील काय जसेच्या तसे वापरता येते, हे पाहावे. दोघांनी मिळून काम केल्यास एकाने चाचणी लिहावी, दुसऱ्याने ती उत्तीर्ण करावी, आणि पुढच्या फेरीत अदलाबदल करावी.